जर्मनीत नोकरी लागली, पुढे काय? आनमेल्डुंग, बँक, टॅक्स आयडी आणि मागे राहिलेली भारतातली खाती

दर थोड्या दिवसांनी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, दादा ऑफर लेटर आलंय, व्हिसाचं चालू आहे, तिकडे गेल्यावर आधी काय करायचं, बँक खातं आधी की घर आधी. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. हे मुख्यतः ब्लू कार्ड (चांगला पगार असलेल्या उच्चशिक्षितांसाठीचा युरोपचा परवाना) किंवा वर्क व्हिसावर जाणाऱ्यांसाठी आहे, स्टुडंट मंडळींसाठी जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगेन. आणि हो, लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करून घ्या. जर्मनीत सगळी गाडी पत्त्यावर चालते. पत्ता नोंदवल्याशिवाय, म्हणजे आनमेल्डुंग केल्याशिवाय, टॅक्स आयडी येत नाही, टॅक्स आयडी नसला की पहिल्या पगारातून भरमसाठ टॅक्स कापला जातो, बऱ्याच बँका पत्त्याचा कागद मागतात, रेसिडेन्स परमिटसाठी तोच कागद लागतो, आणि बँकेचा पिनसुद्धा पोस्टाने त्याच पत्त्यावर येतो. आपल्याकडे आधार-पॅन असलं की पत्त्याचं कसंही निभावतं, तिकडे उलटं आहे. त्यामुळे लोक निघायच्या आधी फोरेक्स कार्ड कुठलं घ्यावं यावर चार-चार दिवस डोकं लावतात आणि घराचं "तिकडे जाऊन बघू" म्हणतात, तिथेच सगळं अडतं.

निघायच्या आधी: नावाचा घोळ

आपल्या मराठी लोकांचा हा खास प्रॉब्लेम आहे. समजा पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये "स्नेहल विजय" आणि सरनेममध्ये "कुलकर्णी" आहे. जर्मन ऑफिसला वडिलांचं नाव मध्ये लावतात वगैरे काही माहीत नसतं, त्यांच्या दृष्टीने "स्नेहल विजय" हे तिचं पूर्ण पहिलं नाव. मग बँकेत फॉर्म भरताना तुम्ही नुसतं "स्नेहल कुलकर्णी" लिहिलं की ओळख पडताळणीत पासपोर्टशी जुळत नाही आणि अर्ज परत येतो. म्हणून नियम साधा, पासपोर्टवर जसं छापलंय तसंच सगळीकडे, एक अक्षर कमी नाही की जास्त नाही. विमानाचं तिकीट, जॉब कॉन्ट्रॅक्ट, घराचा करार, इन्शुरन्स, सगळीकडे. एचआरला कॉन्ट्रॅक्ट बनवतानाच सांगून ठेवा, नंतर बदलायला वेळ खातात.

दुसरं म्हणजे आपल्या दहावी-बारावीच्या मार्कशीट. आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. काही युनिव्हर्सिटींच्या डिग्रीवर पण तसंच. व्हिसाच्या फाइलमध्ये यावरून शंका निघू शकते, तेव्हा पासपोर्टवरचं आणि सर्टिफिकेटवरचं नाव एकाच माणसाचं आहे असं इंग्रजीत अॅफिडेव्हिट स्टॅम्प पेपरवर करून नोटरी करून ठेवा, तासाभराचं काम आहे. पण पासपोर्टमध्ये सरनेमचा रकाना कोराच असेल तर मात्र अॅफिडेव्हिटवर भागवू नका, व्हिसाच्या आधी पासपोर्टच दुरुस्त करून घ्या, ते कोरं सरनेम तिकडे प्रत्येक कॉम्प्युटरवर नडतं. लग्नानंतर आडनाव न बदललेल्या मुलींना तिकडे काही अडचण नाही, नवरा-बायकोची आडनावं वेगळी असणं तिकडे नॉर्मल आहे, उगाच जाण्यापुरतं नाव बदलायच्या भानगडीत पडू नका.

जन्माचा दाखला आणि मॅरेज सर्टिफिकेट महानगरपालिकेकडून नवीन प्रत काढून घ्या, हल्लीच्या प्रतीवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही असतं. ग्रामपंचायतीचा जुना नुसता मराठीतला हाताने लिहिलेला दाखला असेल तर त्याचं भाषांतर करावं लागतं, ते अधिकृत भाषांतरकाराकडूनच हवं, घरी केलेलं चालत नाही. अपोस्टिलबद्दल (कागद खरा असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का) एजंट लोक फार घाई करतात, "सर सगळ्या डॉक्युमेंटला करून देतो, पॅकेज आहे". जे कागद जर्मन कॉन्सुलेटच्या तुमच्या व्हिसा-प्रकाराच्या चेकलिस्टमध्ये अपोस्टिलसकट मागितलेत तेवढेच करा. चेकलिस्ट त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहे, ती वाचायला दहा मिनिटं लागतात.

डिग्रीसाठी अनाबिन नावाचा त्यांचा फुकटचा डेटाबेस आहे. तिथे आपली युनिव्हर्सिटी शोधायची, तिच्यापुढे एच प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) दिसलं आणि डिग्रीपण तिथे सापडली की त्याची प्रिंट फाइलला लावायची. सापडली नाही तर झेडएबी नावाच्या त्यांच्या सरकारी संस्थेकडून डिग्रीचं मूल्यांकन करून घ्यावं लागतं, ते लवकर सुरू करा. शिकायला जाणाऱ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस सर्टिफिकेट (आपले शैक्षणिक कागद पडताळल्याचं) लागतं, ते वेगळं प्रकरण आहे. व्हिसाचा अर्ज २०२५ पासून त्यांच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या कॉन्सुलेटकडे येतं, फी ७५ युरो. आणि ब्लू कार्डची पगाराची मर्यादा दर जानेवारीत बदलते, त्यामुळे मित्राने दोन वर्षांपूर्वी सांगितलेला आकडा धरून बसू नका.

ब्लू कार्डवाल्यांच्या नवऱ्याला किंवा बायकोला जर्मनच्या परीक्षेची अट नाही. तरी माझं म्हणणं, पुण्यात असाल तर मॅक्सम्युलर भवनला किंवा कुठेही निदान ए१ (जर्मनची पहिली पातळी) दोघांनी करा. सरकारी ऑफिसमध्ये इंग्रजीत बोललात तर समोरचा माणूस समजत असूनही जर्मनमध्येच उत्तर देतो, आणि तुमच्या घरी येणारं प्रत्येक पत्र जर्मनमध्ये असतं.

निघायच्या आधी: भारतातली खाती

हा भाग लोक सगळ्यात जास्त टाळतात. कामासाठी परदेशात राहायला गेलात की फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने तुमचं साधं सेव्हिंग खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ करावं लागतं. बँकेला स्वतःहून कळवायचं असतं. बरीच जण पाच-पाच वर्षं तसंच चालवतात, काही होत नाही म्हणतात, आणि मग घर घ्यायला किंवा म्युच्युअल फंडाचे पैसे काढायला गेले की केवायसीत अडकतात. एनआरओ म्हणजे भारतातलं उत्पन्न जमा करायचं खातं, भाडं, डिव्हिडंड, जुन्या एफडीचं व्याज वगैरे. एनआरई म्हणजे तिकडून पाठवलेला पैसा ठेवायचं, त्यातला पैसा कधीही परत बाहेर नेता येतो. दोन्ही उघडा. एनआरओ आईवडिलांबरोबर जॉइंट ठेवता येतं, "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीने, म्हणजे तुम्ही हयात असेपर्यंत व्यवहार तुमच्याच सहीने होतील. घरच्यांना रोजचे पैसे काढायचे असतील तर त्यांना मँडेट देऊन ठेवा.

टॅक्सचं नीट ऐका. एनआरओच्या व्याजावर बँक ३० टक्के अधिक सेस असा टीडीएस कापते, रक्कम कितीही छोटी असली तरी. भारत आणि जर्मनीच्या करारात व्याजावर १० टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती मिळवायला जर्मन फिनान्सआम्टकडून (टॅक्स ऑफिस) "मी इथला करदाता आहे" असं सर्टिफिकेट आणून बँकेला द्यावं लागतं. एनआरईचं व्याज भारतात टॅक्स-फ्री आहे म्हणून सगळे खूश असतात, पण जर्मनीत राहणाऱ्याला जगभरच्या उत्पन्नावर टॅक्स आहे, त्यामुळे ते व्याज जर्मन रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. "त्यांना कुठे कळतंय" हा युक्तिवाद आता चालत नाही, दोन्ही देश खात्यांची माहिती एकमेकांना आपोआप पाठवतात.

पीपीएफ चालू असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन उघडता येत नाही आणि मुदतवाढ मिळत नाही. म्युच्युअल फंडाची केवायसी एनआरआय करून घ्या. इन्कम टॅक्स पोर्टलवर प्रोफाइलमध्ये स्टेटस बदला.

भारतातलं सिमकार्ड. हे वाचायला फालतू वाटतं पण निम्म्या लोकांचं घोडं इथे पेंड खातं. बँकेचा ओटीपी, आधारचा ओटीपी, टॅक्स पोर्टल, सगळं त्या नंबरवर. पोस्टपेड असेल तर स्वस्तातल्या प्रीपेडवर आणा, इंटरनॅशनल रोमिंग चालू आहे का ते भारतात असतानाच बघा, रोमिंगवर येणारा एसएमएस फुकट असतो. ९० दिवस काहीच वापर झाला नाही तर नंबर बंद होऊ शकतो आणि दुसऱ्याला दिला जातो, म्हणून घरच्या कुणाला तरी रिचार्जची जबाबदारी द्या आणि मधूनमधून एखादा मेसेज पाठवत जा. नवीन एनआरआय खात्यांना बऱ्याच बँका परदेशी नंबर आणि ईमेलवर ओटीपी देतात, फॉर्म भरतानाच विचारून घ्या.

फ्लॅट विकायचा किंवा भाड्याने द्यायचा विचार असेल तर पॉवर ऑफ अॅटर्नी निघायच्या आधी दुय्यम निबंधक कार्यालयात रजिस्टर करून टाका. तिकडून करायची तर भारतीय दूतावासाची अपॉइंटमेंट, मग कुरियर, मग महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर मुद्रांक भरणं, एवढी सर्कस आहे.

किती पैसे न्यायचे

घराचं डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटइतकं, म्हणजे हीटिंग-पाणी सोडून नुसत्या भाड्याच्या तिप्पट. ते तीन हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला हक्क आहे, पण नवीन माणसाने तो हक्क सांगितला की घरमालक पुढच्या उमेदवाराकडे वळतो हेही खरंच. त्यात पहिलं भाडं, सुरुवातीचं तात्पुरतं घर, आणि पगार येईपर्यंतचा खर्च. पगार महिन्याच्या शेवटी येतो, आणि महिन्याच्या मध्यानंतर जॉइन झालात तर पेरोलची तारीख उलटून गेलेली असते, मग पहिला पगार पुढच्या महिन्यात. त्यामुळे दोन महिने पगाराशिवाय निघतील एवढी सोय हवी.

निवासी भारतीयाला एलआरएसमध्ये (रिझर्व्ह बँकेची बाहेर पैसे पाठवायची योजना) वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यामुळे मर्यादेची चिंता नको. आर्थिक वर्षात १० लाखांच्या वर गेलात तर बँक टीसीएस (आगाऊ टॅक्स) कापते, तो रिटर्न भरल्यावर मिळतो पण तोपर्यंत पैसा अडकतो. रोख युरो थोडेच न्या, घर मिळेपर्यंतच्या खर्चापुरते. १०,००० युरो किंवा जास्त रोख घेऊन युरोपात शिरताना डिक्लेअर करावं लागतं. विद्यार्थ्यांना स्पेर्कोन्टो (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) लागतं, वर्षाला ११,९०४ युरो, त्यातून महिन्याला ९९२ सुटतात, आणि ते सुटायला जर्मनीत एक चालू खातं लागतंच.

पोचल्यावर: पत्ता

आता मुख्य मुद्दा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करायचं, म्हणजे ब्युर्गरआम्टमध्ये (नागरिकांच्या कामांचं स्थानिक सरकारी ऑफिस) पत्ता नोंदवायचा. त्यासाठी पासपोर्ट, त्यांचा फॉर्म, आणि घर देणाऱ्याने सही केलेलं एक पानी पत्र लागतं, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, उच्चार जमला नाही तरी चालेल पण कागद हवाच. भाडेकरार घेऊन गेलात तरी ते परत पाठवतात. त्या पत्रावर असतं इतकंच: घरमालकाचं नाव-पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख, राहणाऱ्या सगळ्यांची नावं आणि सही. बायको-मुलं नंतर येणार असतील तर त्यांच्या वेळी नवीन पत्र.

म्हणून तात्पुरतं घर बघताना पहिला प्रश्न भाडं किती हा नाही, "इथे आनमेल्डुंग होईल का" हा. सुट्टीसाठी देतात त्या अपार्टमेंटमध्ये बहुतेक वेळा होत नाही. महिन्याला शंभर-दोनशे युरो जास्त देऊन आनमेल्डुंग होणारं सर्व्हिस्ड अपार्टमेंट घेतलेलं परवडतं, कारण त्याशिवाय पुढचं सगळं थांबतं. कंपनी रिलोकेशन देत असेल तर हीच गोष्ट लेखी मागून घ्या. आणि जो घरमालक "मी सध्या दुसऱ्या देशात आहे, डिपॉझिट पाठव, चावी कुरियरने येईल" म्हणतो तो चोर आहे, शंभर टक्के, घर कितीही सुंदर असू दे. फोटो-व्हिडिओवर भुलून भारतात बसून पैसे पाठवू नका.

ब्युर्गरआम्टची वेळ ज्याला सगळे टर्मिन म्हणतात ती मोठ्या शहरात पटकन मिळत नाही. बर्लिनमध्ये शहरातल्या कुठल्याही ब्युर्गरआम्टला गेलं तरी चालतं, आपल्याच भागातलं हवं असं नाही. सकाळी ऑफिस उघडताना साइट रिफ्रेश करत बसा, कॅन्सल झालेल्या वेळा तेव्हा पडतात. ११५ नंबरवर फोन करून पण विचारता येतं. दोन आठवड्यांत वेळच मिळाली नाही तर टर्मिन बुक केल्याचा ईमेल जपून ठेवा, दंडाची तरतूद १,००० युरोपर्यंत आहे पण टर्मिन घेतलेल्या माणसाला सहसा कुणी त्रास देत नाही. बायको-मुलांसकट जात असाल तर मॅरेज सर्टिफिकेट आणि जन्मदाखले भाषांतरासह न्या.

तिथे फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. वसईच्या, गोव्याच्या, मंगलोरच्या ख्रिस्ती मित्रांनी हे लक्षपूर्वक वाचा: तिथे रोमन कॅथलिक किंवा इव्हांगेलिश (प्रोटेस्टंट) लिहिलंत की पगारातून चर्च टॅक्स सुरू होतो, इन्कम टॅक्सच्या वर बायर्न आणि बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. मनापासून द्यायचा असेल तर जरूर द्या, पण काय लिहितोय ते माहीत असू द्या. हिंदू, बौद्ध, मुस्लिम, जैन यांना असा काही टॅक्स नाही.

काम झालं की तिथल्या तिथे एक शिक्क्याचा कागद मिळतो. त्याचा लगेच स्कॅन करा, हा कागद पुढे सगळे मागणार आहेत.

आणि आता ती गोष्ट जी कुणीच सांगत नाही, लेटरबॉक्सवरचं नाव. जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन खाली बिल्डिंगच्या पेट्यांवर आडनाव वाचून पत्र टाकतो, नाव नसेल तर पत्र परत. बँकेचं कार्ड, पिन, टॅक्स आयडी, इन्शुरन्स, सगळं परत जाईल आणि तुम्ही महिनाभर वाट बघत बसाल. त्यामुळे राहायला गेलात की पहिल्याच दिवशी पेटीवर आणि बेलवर आडनाव लावा, पोटभाडेकरू असाल तर मूळ माणसाच्या नावाखाली तुमचंही, आणि नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही. चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं सुद्धा चालतं. कुठल्याही फॉर्मवर पत्ता लिहिताना पेटीवर दुसऱ्याचं नाव असेल तर "सी/ओ" करून ते नाव टाका.

टॅक्स आयडी आणि इन्शुरन्स

पहिल्या आनमेल्डुंगनंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत ११ आकडी टॅक्स आयडी पोस्टाने येतो, स्टॉयर आयडी म्हणतात. हा आयुष्यभर तोच राहतो, हरवू नका. तो येण्याआधी पगार निघाला तर टॅक्स क्लास ६ (सगळ्यात जास्त कापणारा गट) लागू शकतो, हातात फारच कमी येतं, नंतर आयडी दिल्यावर जादा कापलेलं पुढच्या पगारात परत मिळतं, घाबरायचं नाही. नवीन आलेल्या एकट्या माणसाचा क्लास १. लग्न झालंय पण जोडीदार भारतात आहे, तरीही १. जोडीदार इकडे आला आणि त्याचं आनमेल्डुंग झालं की दोघं ४-४ होतात, आणि एकाचाच पगार असेल तर अर्ज करून ३-५ करून घेतलं की महिन्याच्या हातातल्या रकमेत चांगला फरक पडतो. आपोआप होत नाही, अर्ज करावाच लागतो. एकट्या माणसाच्या ग्रॉसमधून साधारण ३५ ते ४० टक्के कापले जातात, भारतातून पगार ठरवताना हे धरूनच बोला.

हेल्थ इन्शुरन्स नोकरी सुरू व्हायच्या दिवसापासून लागतो. सरकारी पद्धतीतल्या टीके, एओके, बार्मर, डीएके अशा बऱ्याच कंपन्या आहेत, मूळ हप्ता सगळीकडे पगाराच्या १४.६ टक्के आणि वर प्रत्येकाचा वेगळा जादा हप्ता, निम्मा कंपनी भरते. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं यात फुकट बसतात, कुटुंबवाल्यांनी दुसरा विचार करूच नये. जास्त पगार असला की प्रायव्हेट इन्शुरन्सवाले एजंट मागे लागतात, तरुणपणी स्वस्त दिसतं, पण त्यातून परत सरकारीत येणं अवघड आणि ५५ नंतर जवळजवळ अशक्य. विमान उतरल्यापासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत मध्ये गॅप असेल तर तेवढ्यापुरता वेगळा विमा भारतातूनच काढून या. सोशल सिक्युरिटी नंबर इन्शुरन्स कंपनीमार्फत येतो, त्यासाठी वेगळी पळापळ नाही.

पुण्याच्या आयटी कंपनीतून डेप्युटेशनवर जाणाऱ्यांनी निघायच्या आधी ईपीएफओचं कव्हरेज सर्टिफिकेट कंपनीकडून घ्यावं, दोन्ही देशांचा करार आहे, त्यामुळे ४८ महिन्यांपर्यंत पीएफ भारतातच चालू राहतो आणि जर्मन पेन्शन कापली जात नाही.

बँक

इथे लोक कोंबडी आधी की अंडं आधी करत बसतात, घराला खातं हवं आणि खात्याला घर हवं. सुटका अशी की सुरुवातीला वाइज किंवा रेव्होल्युटसारखं ऑनलाइन खातं चालवायचं, त्यांचा आयबॅन (खाते क्रमांक) बेल्जियम किंवा लिथुआनियाचा असला तरी युरोपियन नियमाने जर्मन कंपनीला आणि घरमालकाला तो नाकारता येत नाही. प्रत्यक्षात कुणी कुणी नाक मुरडतं, त्यामुळे आनमेल्डुंगचा कागद हातात आला की जर्मन खातं उघडून टाका. जर्मन आयबॅन डीई धरून २२ अक्षरांचा असतो.

ऑनलाइन बँका स्वस्त, पण ओळख पटवायला व्हिडिओ कॉल करतात आणि काही ठिकाणी भारतीय पासपोर्ट त्यात बसत नाही. अर्धा तास कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट तिरका-सरळ करून झाल्यावर पलीकडची बाई सॉरी म्हणून फोन ठेवते, चिडचिड होते. मग पोस्टइडेंटचा पर्याय निवडा, कागद घेऊन पोस्टात जायचं, तिथला माणूस पासपोर्ट बघून शिक्का मारतो. इतकं सगळं नको असेल तर सरळ गावातल्या स्पारकासे बँकेच्या शाखेत टर्मिन घेऊन जा, महिन्याला काही युरो फी पडेल पण समोर माणूस असतो. एका बँकेने नाकारलं तरी निराश होऊ नका, २०१६ पासून कायद्याने कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला किमान साधं खातं, बाझिसकोन्टो, मिळायचा हक्क आहे, अर्ज करताना तोच शब्द वापरा.

कार्ड एका पाकिटात येतं, पिन दुसऱ्या पाकिटात, कधी दोन-चार दिवसांच्या अंतराने, आणि अॅप सुरू करायला तिसरंच पत्र. हरवलंय समजून पहिल्याच आठवड्यात नवीन मागवू नका, आधीचं पत्र रद्द होतं आणि घोळ वाढतो. भाड्यासाठी डाउअरआउफट्राग लावा म्हणजे दर महिन्याला आपोआप जाईल. वीज, इंटरनेट, इन्शुरन्स हे लास्टश्रिफ्टने स्वतः तुमच्या खात्यातून ओढून घेतात, आपल्याला सुरुवातीला भीती वाटते, पण आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून ती रक्कम कारण न देता परत घेता येते. फक्त खात्यात पैसे असू द्या, एक लास्टश्रिफ्ट परतलं की वर फी लागते. ठेव एका बँकेत एक लाख युरोपर्यंत सुरक्षित असते.

शुफा म्हणजे आपल्या सिबिलसारखं. नवीन माणसाचं काहीच रेकॉर्ड नसतं आणि घरमालक तेच मागतो. काही महिन्यांनी स्वतःच्या माहितीची प्रत फुकट मागवता येते, साइटवर ती शोधून काढावी लागते कारण पैसे भरायचं पान आधी समोर येतं. सुरुवातीला शुफाऐवजी जॉब कॉन्ट्रॅक्ट, एचआरचं पत्र आणि असतील तर पगाराच्या स्लिप द्या. एकदम चार क्रेडिट कार्डांना अर्ज करू नका, आणि जिमचं दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट तर पहिल्या महिन्यात नकोच.

आनमेल्डुंगची माहिती रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीवाल्यांकडे आपोआप जाते, महिना १८.३६ युरो, टीव्ही असो नसो. हे पत्र फ्रॉड नाही. एका घराला एकदाच, त्यामुळे शेअर करून राहत असाल तर कोण भरतोय त्याचा नंबर कळवा. न भरता फाइल बंद करून ठेवलेली पत्रं पुढे वसुलीवर जातात.

रेसिडेन्स परमिट

व्हिसाची तारीख संपायच्या बऱ्याच आधी आउसलेंडरबेहोर्डला (परदेशी लोकांच्या परवान्यांचं ऑफिस) ऑनलाइन अर्ज करा आणि पोच जपा. कार्ड बनून यायला वेळ लागतो, मधल्या काळात फिक्शन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद मागा. त्यात निवास कायद्याच्या परिच्छेद ८१ च्या उपकलम ४ खाली खूण असेल तर तुमचा आधीचा परवाना चालू आहे असं धरतात, भारतात जाऊन परत येता येतं. उपकलम ३ ला खूण असेल तर बाहेर पडू नका. गणपतीचं तिकीट काढायच्या आधी तो कागद उघडून ही खूण बघा. १ मे २०२५ पासून या कार्डांना डिजिटल फोटोच लागतो, ऑफिसातल्या मशीनवर किंवा मान्यताप्राप्त फोटोग्राफरकडे काढायचा, त्यामुळे भारतातून पाकिटभर पासपोर्ट साइझ फोटो न्यायची गरज नाही. ब्लू कार्डच्या पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदललीत तर या ऑफिसला कळवावं लागतं.

मुलं असतील तर किंडरगेल्डचा (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) अर्ज फामिलियनकासे या ऑफिसकडे लगेच करा, मागचे फक्त सहा महिनेच मिळतात, उशीर केला तेवढं बुडालं. गाडीचं भारतीय लायसन्स राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतं, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा जर्मन पद्धतीने, पैसे बरेच जातात. व्हिसा, तिकीट, सामान पाठवल्याची बिलं सगळी ठेवा, नोकरीसाठी स्थलांतर केल्याचा खर्च जर्मन रिटर्नमध्ये दाखवता येतो.

कायमचं परतायचं ठरलं तर निघायच्या आधी एक आठवड्यापासून ते निघाल्यावर दोन आठवड्यांपर्यंत आबमेल्डुंग करा, म्हणजे पत्त्याची नोंद काढून टाका. इंटरनेट, जिम, रेडिओ-टीव्हीची वर्गणी बंद करायला तोच कागद लागतो. पेन्शनचे ६० महिने भरले नसतील तर युरोपियन युनियन सोडल्यावर २४ महिन्यांनी तुमच्या वाट्याची रक्कम परत मागता येते, म्हणून पेन्शन नंबरचं पत्र भारतात घेऊन या आणि जर्मन बँक खातं लगेच बंद करू नका, शेवटच्या वर्षाचा टॅक्स रिफंड आणि घराचं डिपॉझिट त्याच खात्यावर येतं, आणि घरमालक डिपॉझिटमधली काही रक्कम हीटिंगचा वर्षाचा हिशोब होईपर्यंत अडवून ठेवू शकतो.